उन्हात काय राखायचं

(बचत गटाच्या बायकांनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

दुपारचे दोन वाजलेत. ही वेळ आम्ही रेडिओच्या ताईंकडून मुद्दाम मागून घेतली. या घडीला बाई घरात असते, निदान असायला पाहिजे. कुरडया गच्चीवर वाळत पडल्या असतील, तुम्ही लसूण सोलत नाहीतर पदरानं वारा घेत बसला असाल. तशाच बसा आणि ऐका.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या, औसा तालुक्यातल्या एका गावच्या अकरा जणी. प्रत्येकीच्या घरामागं थोडी जागा आहे. कुणाचा अर्धा गुंठा, कुणाची न्हाणीपाशी नुसती चार आळी. तिथं आम्ही माळवं लावतो. विकायला नाही, घरच्या ताटाला. मंगळवारी गटाची बैठक होते, हप्ते गोळा होतात, सह्या होतात, आणि मग खरी बैठक सुरू होते. तुझं वांगं कसं आहे, माझा दोडका वाळला, तू काय घातलंस, असं चालतं. चैत्रापासून त्या गप्पांत दुसरा विषय नाही, ऊन आणि ऊनच.

मैदानी भागात पारा निदान ४० ला पोचला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त चढला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. आम्हाला ते टोमॅटोनं आधी सांगितलं. झाडं हिरवीगार, फुलं भरपूर, आणि सकाळी बघावं तर सगळी फुलं खाली. एकीनं खत घातलं, एकीनं पाणी वाढवलं, एकीनं तर नजर उतरवली. काही उपयोग झाला नाही. दिवसाचा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही गारवा नसला की टोमॅटोला फळ धरत नाही, हे आम्हाला कृषी विभागाच्या ताईंकडून कळलं. झाड आजारी नसतं, फूल मात्र टिकत नाही. युरिया घातला तिची झाडं उलट करपली. उन्हाच्या तडाख्यात झाडाला खताचा घास देऊ नका, ते पचत नाही.

दुसरी चूक जवळपास सगळ्यांनीच केली. दुपारी भोपळ्याची पानं अशी मान टाकतात की बघून जीव कळवळतो. मग हातातलं काम टाकून घागर उचलायची आणि ओतायची. आमच्यातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, "आगं, दुपारी त्यानं मान टाकली तर टाकू दे. आपण नाही का पडवीत आडव्या होत? सांजच्याला बघ, उठतंय का." खरंच, संध्याकाळी पानं ताठ. कडक उन्हात पान लोंबतं ते स्वतःचं पाणी वाचवायला. सकाळी सहा वाजताही मान खाली असेल तर मात्र ते तहानेलं आहे, मग पाणी द्यायचं. आता आम्ही दुपारी परसात बघायलाच जात नाही. आणि ज्यांच्याकडं मोटारीचा पाइप आहे त्यांनी एक ध्यानात ठेवा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं. ते बादलीत सोडा, निवू द्या, मग गार पाणी आळ्यात जाऊ द्या.

आता पाण्याचं बोलू, कारण भांडण तिथंच आहे.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. ती गाडी आम्ही टीव्हीवर पाहिली, पण आपल्या गावाला टँकरशिवाय काही नव्हतं. त्या वर्षी आमच्यातल्या एकीच्याही परसात हिरवं पान उरलं नाही. म्हणून घरात कुणी म्हणालं, "माणसाला प्यायला नाही आन् ही झाडाला घालतीया," तर आम्ही त्याला वाईट म्हणत नाही. आमच्यातल्या एकीला तिच्या सासूबाईंनी यंदा हेच सुनावलं. ती बैठकीत येऊन रडली. म्हणाली, चूक त्यांची नाही, घागर मीच आणते, पण घरात हिशोब मागणारे सगळे.

त्या मंगळवारी आम्ही एक ठरवलं. प्यायच्या पाण्यातला एक तांब्याही झाडाला द्यायचा नाही. झाडाला जाणारं पाणी आधी घरात एकदा वापरून झालेलं पाहिजे. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांडी शेवटी विसळलेलं. साबणाचं न्हाणीचं पाणी केळीला आणि अळूला, ती दोघं तक्रार करत नाहीत. सोड्याचं, कपड्याच्या पावडरीचं पहिलं काळं पाणी कशालाच नाही. चार दिवस आम्ही बादल्या मोजल्या. पाच माणसांच्या घरात दिवसाला तीन बादल्या निघाल्या, पाहुणे आले तर चार. सासूबाईंना त्या तीन बादल्या दाखवल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून तांदळाचं पाणी त्यांनी स्वतः वेगळ्या पातेल्यात धरायला सुरुवात केली.

आता तीन बादल्यांत सगळी बाग जगत नाही. इथंच आमचे दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, लावलेलं लेकरासारखं असतं, थोडं थोडं सगळ्यांना वाटू. त्यांनी वाटलं. दोन आठवड्यांत सगळंच अर्धमेलं झालं, भाजी एकाही झाडाची आली नाही. थोडं थोडं पाणी वर वरच वाळतं, मुळापर्यंत जातच नाही. बाकीच्यांनी मन घट्ट केलं. टोमॅटो उपटला, कोथिंबीर-मेथीची वाफी सोडून दिली, फ्लॉवरचे उरलेले दड्डे शेळीला घातले. गवार, भेंडी, चवळी राखली, ती ऊन सोसणारी आहेत. तांदुळजा राखला. घोळ, जिला कुणी चिघळ म्हणतं, ती तर न लावता आली आणि भर उन्हात लुसलुशीत राहिली. डाळ घालून करा, आंबट-खारट लागते, वेगळी चिंच लागत नाही. कढीपत्ता, शेवगा आणि लिंबू ही घरची माणसं, त्यांना सोडायचा प्रश्न नाही. आणि प्रत्येक वेलाचं एक-एक झाड बियाण्यासाठी. त्याचं पुढं सांगतो.

हातात असलेलं पाणी टिकवायला तीन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिलं आच्छादन. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, जे मिळेल ते आळ्यात चार बोटं जाड पसरायचं. खोडाला चिकटवायचं नाही, वीतभर गोल जागा मोकळी ठेवायची. आमच्याकडं वाळवी फार, तिला कोरडं पाचट म्हणजे जेवणाचं आमंत्रण. म्हणून आठवड्यातून एकदा हात घालून उलथून बघतो.

दुसरं मडकं. अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी आपण मातीची केळी पाण्यानं भरून पुजतो. सण झाला की ती कोपऱ्यात पडून राहतात. आम्ही ती गळ्यापर्यंत मातीत पुरली, आजूबाजूला हातभर अंतरात दोन-तीन झाडं, आणि मडक्यात पाणी. माती लागेल तसं पाणी पाझरून घेते. पुजेचं भांडं मातीत पुरायचं का, यावर आमच्यात एक पूर्ण मंगळवार गेला. शेवटी काकीच म्हणाल्या, पितरांना पाणी, तसं झाडाला पाणी, पुण्य कमी होत नाही. मडकं रंग दिलेलं किंवा चकचकीत नको, ते पाझरत नाही. जुना माठ घेतला तर आधी रात्रभर भरून ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागला तरच पुरा, कारण क्षारानं त्याची बारीक भोकं बुजलेली असतात. वर झाकण हवंच. नाहीतर उडून जाईल, आणि डास अंडी घालतील ते वेगळं.

तिसरी सावली. हिरवी जाळी विकत मिळते, पण आम्ही तुराट्यांचा मांडव करून जुन्या विरलेल्या साड्या टाकल्या, वर आणि मावळतीच्या बाजूला. झाडाच्या शेंड्यापासून दोन हात उंच, म्हणजे खालून वारा खेळतो. वळवाचा वारा सुटला त्या संध्याकाळी एकीची निळी साडी उडून बाभळीवर जाऊन बसली. ती अजून तिथंच आहे, गावातली पोरं त्याला झेंडा म्हणतात. गाठी घट्ट मारा.

भेंडीची पानं खालून बारीक लाल ठिपक्यांनी भरली असतील आणि जाळं धरल्यासारखी दिसत असतील, तर ते लाल कोळी. कोरड्या उन्हात ते वाढतात. सकाळी पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा जोरात मारला तरी पुष्कळ उतरतात. यावर जास्त बोलत नाही.

बाईचं बोलायचं राहिलं. झाडाला सावली केली, पण आमचीच एक जण पडली. टँकर यायचा बारा वाजता. रांगेत तासभर, मग घागरी, मग तिला वाटलं आलोच आहोत तर आळ्यातलं गवत काढून घेऊ. तिला आधी डोकं दुखायला लागलं, मग मळमळलं, आणि मग ती काहीतरी भलतंच बोलायला लागली. लेकाला म्हणाली, तू कोण? ते ऐकून आमचे हातपाय गळाले. पण आशाताई शेजारीच होत्या. त्यांनी तिला सावलीत आडवं केलं, अंगावर ओली चादर टाकली, मान, काखा, जांघा ओल्या फडक्यानं पुसत राहिल्या, पंखा घातला आणि १०८ ला फोन लावला. आम्ही तोंडात पाणी घालायला निघालो तर त्यांनी हात धरला. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासात जातं. घाम येत असो की नसो, अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध झालंय, म्हणजे घरगुती उपायावर थांबायचं नाही. ती चार दिवस दवाखान्यात होती. आता बरी आहे, आत्ता इथं शेजारी बसून हसतेय.

नुसतं थकल्यासारखं, गरगरल्यासारखं वाटत असेल आणि बाई नीट बोलत असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. त्या प्रसंगानंतर आम्ही सगळ्यांनी मिळून टँकरच्या वेळेसाठी अर्ज दिला, सह्या अकरा नाही, छप्पन्न. आता टँकर कधी आठला येतो, कधी दहाला. बारालाही येतो अधूनमधून. तेव्हा आम्ही रांगेत घागरी लावतो आणि स्वतः लिंबाखाली बसतो. पहिल्यांदा गडीमाणसं हसली. आता तीही येऊन बसतात.

आता बियाणं. आम्हाला सगळ्यात जास्त ते लागलंय.

आमच्या गावात एक दोडका होता. हातभर लांब, शिरा कमी, शिजल्यावर गोडसर. काकींच्या सासूच्या हातचं बी. मागच्या उन्हाळ्यात पाणी नसताना आम्ही दोन वेल जगवले, फळं वेलावरच वाळू दिली, बी काढलं आणि घाईनं प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवलं. घर पत्र्याचं. मृगाचा पाऊस झाला, पेरलं, आठ दिवस वाट पाहिली, पंधरा दिवस पाहिली. एक कोंब नाही. बी नीट वाळलं नव्हतं, डब्यात ओल कोंडली आणि वरून पत्र्याची धग. आम्ही झाड उन्हातून वाचवलं आणि बी उन्हात मारलं. काकी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं राखल्याबद्दल २०२० ची पद्मश्री मिळाली, हे तुम्हाला माहीत असेल. आपल्याला पद्मश्री नको, पण त्यांनी जपलं ते आपल्या आज्यांनाही येत होतं. यंदा आम्ही बी सावलीत वाळवलं, दाताखाली कट्कन तुटेपर्यंत. मातीच्या गाडग्यात चाळलेली राख, त्यात बी, तोंडाला फडकं बांधून वर शेणमातीचा लिंपण. आणि गाडगं देवघराच्या खालच्या कोनाड्यात, घरातल्या सगळ्यात गार जागी. पत्र्याच्या घरातल्या बायकांनी आपली गाडगी धाब्याच्या घरातल्या मैत्रिणीकडं ठेवली. प्रत्येकीच्या गाडग्यावर खडूनं खूण आहे. प्रत्येक बी दोन घरांत आहे, एकीचं गेलं तर दुसरीचं राहील.

परवा आम्ही दहा-दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून परीक्षा घेतली. दुधी दहापैकी आठ उगवला, गवार नऊ. घेवडा पाचच, तो दाट पेरू. दोडक्याची परीक्षा घेता आली नाही, कारण बीच नाही.

म्हणून आज बोलायला आलो. हातभर लांब, कमी शिरांचा, पांढरट हिरवा दोडका कुणाच्या वेलावर असेल, माहेरी असेल, आजोळी असेल, तर रेडिओच्या ताईंकडं निरोप ठेवा. चार बिया पुरेत. बदल्यात घोळीचं बी देऊ, गवारीचं देऊ, नाहीतर पुरायला मडकं देऊ. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, तोवर आम्ही वाट बघतो. काकींच्या परसात एक आळं भुसकट घालून मोकळं ठेवलंय.