हुसेन कोण कोण?

(कुर्डुवाडी येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता ‘आपलं नाव, आपली ओळख’. या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस एकतर रडगाणं गातो, नाहीतर छाती फुगवतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे. मला आधी डेटा लागतो. म्हणून मी एकच नाव घेतलं, हुसेन, आणि ते कुणाकुणाचं होतं ते पाहिलं. तेही आधी आपल्याच जिल्ह्यात.

नावाबद्दल दोन शब्द. अरबीत हसन म्हणजे चांगला, देखणा, आणि हुसेन म्हणजे छोटा हसन. पैगंबरांचे नातू इमाम हुसेन इ.स. ६८० मध्ये करबलात शहीद झाले. तेव्हापासून हे नाव शिया, सुन्नी, बोहरा अशा सगळ्यांच्या घरात आहे. आपल्याकडच्या गावांत मोहरमला ताबूत आणि पंजे निघतात, त्यात मुसलमान नसलेली माणसंही असतात, आणि ‘हसन-हुसेन’ हा पुकारा त्यांनाही पाठ असतो. इंग्रज शिपायांनी तोच पुकारा ऐकला आणि त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ करून टाकलं. पुढे १८८६ साली इंग्रजांच्या बोलीत शिरलेल्या हिंदी शब्दांचा एक जाडजूड कोश निघाला, त्याचं नावच ‘हॉब्सन-जॉब्सन’. आपलं नाव दुसऱ्याच्या कानात गेल्यावर त्याचं काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

आता आपलं गाव. १८९७ साली इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवरची ‘बार्शी लाईट’ सुरू झाली. तेव्हा आपल्या स्टेशनला ‘बार्शी रोड’ म्हणायचे. म्हणजे कुर्डुवाडीसुद्धा काही काळ दुसऱ्याच्या नावावर जगली आहे! नंतर ही लाईन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. या जंक्शनवर उभं राहिलं की सोलापूर, बार्शी आणि पंढरपूर या तिन्ही दिशांना एकेक हुसेन आहे.

सोलापूरचे कुर्बान हुसेन तुम्हाला ऐकून माहीत असतील. चार हुतात्म्यांपैकी एक, एवढंच आपल्याला शाळेत सांगतात. त्यांचं पूर्ण नाव अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. गिरणी कामगारांमध्ये वावरणारा हा तरुण ‘गजनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवायचा. गजनफर म्हणजे सिंह. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला. जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले. मग काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्य जवळजवळ नव्हतंच. १२ मेला मार्शल लॉ लागला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

ही चार नावं एका ओळीत म्हणून बघा. धनशेट्टी, सारडा, शिंदे, हुसेन. त्या काळच्या सोलापूरची वस्तीच या ओळीत आली आहे. आज कुणी आपल्याला विचारतं, ‘स्वातंत्र्यलढ्यात तुमचं कोण होतं?’ आपण लगेच कुर्बान हुसेन पुढे करतो, एखादं ओळखपत्र काढून दाखवावं तसं. मला ते पटत नाही. ते ‘आपले’ म्हणून फासावर गेले नाहीत, सोलापूरचे म्हणून गेले. धनशेट्टीही तितकेच माझे आहेत.

बार्शीचा हुसेन शोधावा लागतो, कारण तो मधल्या रकान्यात आहे. मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६, बार्शी. या नावाने कुणी ओळखणार नाही. शाहीर अमर शेख म्हटलं की जुनी माणसं आजही ताठ बसतात. गिरणीत राबलेला हा माणूस. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा पहाडी आवाज मैदानंच्या मैदानं भरून टाकायचा. १ मे १९६० ला हे राज्य झालं, त्यात एका बार्शीकर मुसलमानाच्या गळ्याचा वाटा आहे. आपल्यातले काही जण म्हणतात, घरात दखनी, मशिदीत उर्दू, मराठी फक्त शाळेपुरती. त्यांना माझं सांगणं एवढंच की अमर शेखांना कुणी मराठी लादली नव्हती.

त्यांच्या नावाची गंमत बघा. ‘अमर’ हे घेतलेलं नाव. शेख मात्र ठेवलं, ते पुसून एखादं सोयीचं आडनाव लावलं नाही. त्यांची मुलगी कवयित्री मलिका अमर शेख. म्हणजे वडिलांनी घेतलेलं नाव मुलीच्या मधल्या रकान्यात पक्कं बसलं आणि हुसेन कागदावरून गेला. इथे बसलेल्या बहिणी म्हणतील, मधला रकाना नेहमी बापाचाच का? बरोबर आहे. माझ्या आजच्या यादीत एकही बाई नाही, त्याचं एक कारण हा रकानाच आहे. आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आधी आईचं, मग वडिलांचं नाव लागतं. तुमची मुलं शाळेत जातील तेव्हा हुसेनच्या शेजारी एखादी मुमताज किंवा शबाना बसलेली असेल. मला हे फार आवडलं.

तिसरी दिशा पंढरपूर. विठोबाच्या गावात १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले, सुलेमानी बोहरा कुटुंबात. दोन वर्षांचे व्हायच्या आत आई गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. त्यांनी मदर तेरेसांची चित्रं काढली, त्यांत चेहऱ्याची जागा रिकामी आहे. मुंबईत त्यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलं. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सुरुवातीला ते होते. १९९१ ला पद्मविभूषण. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर गेलं.

यांच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण यांच्याबद्दल आपल्यात अर्धीच गोष्ट सांगतात. हिंदू देवतांच्या जुन्या चित्रांवरून त्यांच्यावर खटले झाले, प्रदर्शनांची मोडतोड झाली आणि २००६ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. हे आपण सांगतो. पण २००४ मध्ये त्यांचा ‘मीनाक्षी’ सिनेमा आला तेव्हा एका गाण्यात कुराणातले शब्द आले म्हणून आपल्याच संघटनांनी विरोध केला आणि त्यांनी सिनेमा थिएटरांतून काढून घेतला. हे आपण सांगत नाही. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी, त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनमध्ये गेले. पंढरपुरात जन्मलेला माणूस इंग्लंडच्या मातीत आहे. त्यांची सगळी चित्रं मला आवडतात असं नाही. आवडायलाच हवीत असंही नाही. पण मीनाक्षीच्या वेळी आपण गप्प बसलो असू तर नंतर त्यांच्या बाजूने बोलताना आवाज थोडा कमीच निघणार.

आता जिल्ह्याबाहेर पडू. पूर्ण नावंच एक आणि धंदे वेगळे, यात झाकीर हुसेन सगळ्यांत प्रसिद्ध. झाकीर म्हणजे स्मरण करणारा. एक डॉ. झाकीर हुसेन, जन्म १८९७. बर्लिनला अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, जामिया मिलिया उभी केली, १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले आणि पदावर असतानाच १९६९ मध्ये वारले. त्यांचा महाराष्ट्राशी संबंध वर्ध्याचा. १९३७ च्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा ज्या समितीने केला, तिचे ते अध्यक्ष होते. हातांनी काम करत शिकायचं, ही कल्पना त्यात होती. दुसरे उस्ताद झाकीर हुसेन, माहीमचे, जन्म १९५१. वडील उस्ताद अल्ला रखा, आडनाव कुरेशी, पण मुलाने ते लावलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले. एकाने हातांनी शिकण्याची योजना लिहिली, दुसरा आयुष्यभर हातांनीच बोलला. तिसरे ‘सरकार’ आणि ‘जॉनी गद्दार’मधले अभिनेते झाकीर हुसेन. त्यांना आपण नावाने नाही, चेहऱ्याने ओळखतो.

आणि कोकणात तर कहर आहे. हुसेन दलवाई दोन. दोघेही काँग्रेसचे, दोघेही खासदार झालेले. एक राज्याचे कायदामंत्री होते, दुसरे हमीद दलवाईंचे भाऊ. बातमी वाचताना दर वेळी बघावं लागायचं, कुठले हुसेनभाई?

इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा माजी कप्तान नासिर हुसेन मद्रासला जन्मला. अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या मधल्या रकान्यातही हेच नाव आहे. ओबामांचे आजोबा हुसेन ओन्यांगो. २००८ च्या प्रचारात विरोधक मुद्दाम ‘हुसेन’वर जोर द्यायचे, लोकांना सद्दाम आठवावा म्हणून. २० जानेवारी २००९ ला त्यांनी शपथ घेतली ती बराक हुसेन ओबामा या पूर्ण नावाने.

आता माझ्या धंद्याकडे येतो. बँक, पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे नावं जुळवून बघण्याचं काम आता कॉम्प्युटर करतो. तो दोन पद्धतींनी चुकतो. जुळणी कडक ठेवली तर स्पेलिंगमध्ये एक ‘एस’ जास्त झाला की माणूस दुसरा होतो. माझ्या वडिलांचं नाव हुसेन. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर ते एका स्पेलिंगने आहे, डिग्रीवर दुसऱ्या आणि आधारवर तिसऱ्या. नोकरी बदलताना पडताळणी करणाऱ्यांनी ‘वडील जुळत नाहीत’ असा शेरा मारला. अब्बा म्हणाले, ‘मग मी कोण आहे ते त्यांनाच विचार.’

जुळणी सैल ठेवली तर उलटं होतं. साउंडेक्स नावाची एक पद्धत आहे, १९१८ साली अमेरिकेत तिचं पेटंट झालं आणि आजही मोठ्या डेटाबेसमध्ये ती तयार मिळते. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. ‘एस’ला २, ‘के’लाही २. ‘एन’ला ५, ‘एम’लाही ५. हुसेनची कुठलीही स्पेलिंग घाला, उत्तर येतं एच-२५०. छान, अब्बांचा प्रश्न सुटला. पण हसन घाला, एच-२५०. हाशिम, एच-२५०. हकीम, एच-२५०. हसीना घाला, तीही एच-२५०! इंग्रजी नावांसाठी केलेली चाळणी आपल्या नावांना लावली की सगळे एकाच डब्यात पडतात.

२००९ मध्ये शाहरुख खानला अमेरिकेच्या नेवार्क विमानतळावर थांबवून ठेवलं होतं, ते नावामुळेच, असं त्याचं म्हणणं होतं. तुम्ही म्हणाल, हे आपल्याच वाट्याला येतं. बऱ्याच अंशी खरं आहे. पण २००४ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडींनाही विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं, कारण यादीत कुणीतरी ‘टी. केनेडी’ होता. थेट मंत्र्यापर्यंत फोन गेले, तरी निस्तरायला काही आठवडे लागले. फरक इतकाच की तुमच्या-माझ्याकडे मंत्र्याचा नंबर नसतो.

सैल जुळणी फक्त मशीन करतं असं नाही. पुण्यात भाड्याचा फ्लॅट बघताना फोनवर सगळं ठरतं, मग एजंट विचारतो, ‘पूर्ण नाव?’ आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याच्या डोक्यात कुर्बान हुसेन, झाकीर हुसेन, पेपरात फोटो आलेला कुणी आरोपी आणि मी, सगळे एच-२५०. यावर उपाय म्हणून माझे काही मित्र ऑफिसात सॅम झाले, एकजण तर समीर देशमुख म्हणून पार्सल मागवतो. मी त्यांना नावं ठेवत नाही, ज्याला घर हवंय त्याला विचारा. पण मी स्वतः ते करणार नाही. आणि आपणही हेच करतो, हेही बोलायला हवं. समोरच्याचं आडनाव ऐकून त्याची जात, त्याचा पक्ष, तो आपल्याबद्दल काय विचार करतो, हे सगळं आपण दोन सेकंदांत ठरवून टाकतो.

एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. मागच्या टेबलावर आम्ही दोघे-तिघे लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, जे असेल ते काढा आणि नावांची स्पेलिंग एकाखाली एक लिहून बघा. शाळेच्या दाखल्यावरची स्पेलिंग मूळ धरून बाकीची दुरुस्त करणं सहसा सोपं जातं. फरक मोठा असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रात नावबदल, हा रस्ता आहे. लग्न झालेल्या बहिणींनी दोन्हीकडची कागदं बघा, सगळ्यांत जास्त घोळ तिथे असतो. आणि घरी आजोबांचा एखादा जुना दाखला ट्रंकेत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावर नाव बहुधा मराठीत, शाईने, एकाच पद्धतीने लिहिलेलं सापडेल.