मोजदाद आणि पारख

घरांत मूल तापानें फणफणलें असतां औषधाच्या बाटल्या किती आणल्या, डॉक्टरांच्या खेपा किती झाल्या, याचा हिशेब ठेवणें सोपें असतें. पण घरच्या मंडळींस हवें असतें तें एकच उत्तर : ताप उतरला कीं नाहीं, आणि उतरला तो कशानें? राष्ट्राच्या प्रगतीचा अहवालही याच कसोटीस लागला पाहिजे. किती रुपये खर्चिले, किती विहिरी खणल्या, ही झाली मोजदाद. त्यायोगें कोणाचें जीवन पालटलें, कोण वंचित राहिला व कां, हें पारखणें म्हणजे मूल्यमापन.

पुणें शहरास ही दृष्टि नवी नाहीं. येथें १९३० सालीं गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचा गोदावरी व प्रवरा कालव्यांवरील ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारी तिजोरींत किती उत्पन्न पडतें, यावरून कालव्याची योग्यता ठरविण्याचा ब्रिटिश अमदानींतील प्रघात होता. गाडगिळांनीं त्यापलीकडे जाऊन प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष अशा दोन्ही लाभांचा शोध घेतला.

पुढें १९७१ सालीं याच संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं भारतांतील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या किंमतींप्रमाणें दरडोई दरमहा खेड्यांत १५ रुपये व शहरांत २२ रुपये ५० पैसे ही त्यांनीं किमान खर्चाची मर्यादा धरली. त्या सालीं ग्रामीण जनतेपैकीं सुमारें ४० टक्के व शहरी जनतेपैकीं सुमारें ५० टक्के लोक या मर्यादेखालीं होते. विकासाचा लाभ तळच्या थरापर्यंत फारसा पोंचला नाहीं, हा त्यांचा निष्कर्ष सुखावह नव्हता. परंतु दारिद्र्याचा प्रश्न टाळणें त्यामुळें अवघड झालें.

२०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं २०३० पर्यंत साधावयाचीं १७ शाश्वत विकास-ध्येयें स्वीकारलीं. त्यांचा आढावा देशांनीं स्वतः केलेल्या मूल्यमापनाच्या व आंकडेवारीच्या आधारें व्हावा, असें त्या ठरावांतच नमूद आहे. भारतानें २०१७, २०२० व २०२५ या सालीं आपले ऐच्छिक अहवाल तेथें सादर केले. नीति आयोगानें २०१८ पासून राज्यांची तुलना करणारा निर्देशांकही काढला.

मात्र श्रोत्यांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. निर्देशांक राज्य कोठें उभें आहे तें सांगतो. तें तेथें कोणत्या योजनेमुळें पोंचलें, हें सांगत नाहीं. शाळेंत नांवें वाढलीं, म्हणजे मुलांस वाचतां येऊं लागलें असें नव्हे. तें पाहण्यास मुलांपुढें पुस्तक ठेवावें लागतें, आणि योजना नसलेल्या गांवाशीं तुलना करावी लागते.

म्हणून राष्ट्रीय अहवालांत प्रत्येक ध्येयापुढें योजनेची परीक्षा कोणी केली, प्रतिकूल काय आढळलें आणि त्यावर सरकारनें काय केलें, हें लिहिलें जावें. अपयशाचा कबुलीजबाब देणाऱ्या अहवालानें राष्ट्राची मान खालीं जात नाहीं. ज्यांच्या चुलीपर्यंत विकास गेलाच नाहीं, त्यांची नोंद घेणारा कागद बहुधा तोच असतो.