नकाराचं कारण समासात लिहा



संपादकांच्या मेळाव्यातही अध्यक्षाने लेखकांचे गोडवे गावेत, अशी रीत पडली आहे. आज ती मोडणार आहे. मराठी पुस्तकांत ज्या ढोबळ चुका छापून येतात, त्यांतल्या कितीतरी छपाईआधीच कुणाच्या तरी नजरेस आलेल्या असतात. त्या दुरुस्तही झालेल्या असतात. लेखक त्या हट्टाने परत आणतो.

हे कसं घडतं, ते इथल्या प्रत्येक संपादकाला ठाऊक आहे. संहिता ओळ न् ओळ तपासून, शंका नोंदवून फाइल लेखकाकडे जाते. लेखक पहिली चार पानं पाहतो. त्याच्या ‘रहाणे’चं ‘राहणे’ झालेलं दिसतं आणि त्याचा पारा चढतो. मग तो ‘रिजेक्ट ऑल’चं बटण दाबतो. त्या एका फटक्यात ‘रहाणे’ परत येतंच, पण 1925 सालच्या प्रसंगातून काढून टाकलेली डेक्कन क्वीनही परत येते. ही गाडी 1 जून 1930 रोजी सुरू झाली. कादंबरीतलं पोर 1950 साली वाण्याला पन्नास पैसे मोजून देतं, तेही तसंच राहतं. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 रोजी आली. त्याआधी त्या पोराच्या मुठीत आठ आणे असायला हवेत. आठवणींच्या पुस्तकात पानशेतचा पूर 1962 सालात जातो. ज्यांची घरं 12 जुलै 1961 रोजी वाहून गेली, ती माणसं पुण्यात अजून आहेत. ती पुस्तकं विकत घेऊन वाचतात.

‘ही माझी शैली आहे’ हे उत्तर दर वेळी येतं. शैलीचा आदर कोणताही जाणता संपादक करतोच. पण ‘महत्त्व’मधला एक त गाळणं किंवा ‘ज्येष्ठ’चा य खाणं, यात शैली कुठे आहे? साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम राज्य सरकारने 1962 साली स्वीकारले आणि 1972 साली त्यांत चारांची भर पडली. हे नियम वादातीत नाहीत. त्यांवर अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. नियम अमान्य असलेल्या लेखकाने आपली पद्धत ठरवावी आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती पाळावी. संपादक ती निमूटपणे सांभाळेल. पण ज्याच्या एकाच प्रकरणात ‘राहणे’ आणि ‘रहाणे’ शेजारी नांदतात, त्याने बंडाची भाषा करू नये. तो आळस आहे.

आता संपादकांनीही ऐकावं. बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली. खानदेशच्या बोलीतल्या त्या ओळींवर कुणी प्रमाण मराठीचा रंधा फिरवला असता, तर महाराष्ट्राच्या हाती काय उरलं असतं? लघुनियतकालिकांच्या तरुणांनी 1969 साली ‘सत्यकथा’ मासिकाचा अंक जाळला. प्रतिष्ठित संपादकांच्या अभिरुचीत आपल्या जगण्याला आणि भाषेला जागा नाही, हा त्यामागचा राग होता, आणि तो उगाच नव्हता. बोलीतले संवाद ‘सुधारणाऱ्या’ संपादकाला लेखकाने ठणकावून नकार द्यावा. ही सभा त्या लेखकाच्या बाजूने उभी राहील.

अमेरिकेत रेमंड कार्व्हर यांच्या बाबतीत तर याहून मोठा अन्याय झाला. त्यांच्या 1981 सालच्या कथासंग्रहावर संपादक गॉर्डन लिश यांनी इतकी कात्री चालवली की मूळ मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग गेला. शेवट बदलले, शीर्षकं बदलली. पुस्तक थांबवा, अशी विनवणी करणारं पत्र कार्व्हर यांनी जुलै 1980 मध्ये लिहिलं, तरी पुस्तक निघालं. मूळ रूपातल्या कथा 2009 साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कार्व्हर यांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. लेखक संपादकाला का घाबरतो, हे या एका प्रकरणातून कळतं. पण लिश यांच्या कात्रीचं पाप चुकीचं साल दुरुस्त करणाऱ्या मुद्रितशोधकाच्या माथी मारणं हा सरळसरळ कांगावा आहे.

ऐकून घेणाऱ्या लेखकांच्या हाती काय लागलं, तेही पाहावं. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ घरोघरी वाचलं गेलं. मूळ कादंबरीच्या लेखिका मार्जोरी रॉलिंग्ज यांना फ्लोरिडाच्या रानातल्या मुलावर पुस्तक लिहा, असं त्यांचे संपादक मॅक्स पर्किन्स यांनीच सुचवलं होतं. या कादंबरीला 1939 साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. ती मराठीत आणणारे पटवर्धन स्वतः ‘सत्यकथे’चे संपादक. तिथे श्री. पु. भागवत आणि पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा कुठे सैल पडते ते दाखवत आणि पुनर्लेखन करून घेत. त्या पत्रांमुळे नवखे कथाकार घडले.

आज असं पत्र लिहायला संपादकाला सवड कोण देतो? हा प्रश्न प्रकाशकांना आहे. लेखकाकडूनच छपाईचा खर्च घ्यायचा आणि मग तो दुखावू नये म्हणून संपादकाला गप्प बसवायचं, हा व्यवहार सर्रास चालतो. मुद्रितशोधकाला पानामागे जेमतेम पैसे मिळतात, आणि पुस्तकात चित्रकार, अक्षरजुळणीकार, मुद्रक यांची नावं असताना त्याचं नाव अनेकदा नसतं. चूक सापडली की मात्र बोट त्याच्याकडे जातं. ज्या दुरुस्त्या लेखकाने खोडल्या, त्यांचा दोष मुद्रितशोधकाने का सोसावा?

दर वर्षी दिवाळी अंकांच्या घाईत हेच भांडण पुन्हा होतं. या वर्षीपासून लेखकांनी दुरुस्ती जरूर नाकारावी, पण प्रत्येक नकाराशेजारी समासात एक ओळ कारणाची लिहावी. संपादकांनीही प्रत्येक बदलाचं कारण तसंच लिहावं आणि बिनकारणाचा नकार आला तर ती फाइल छपाईला न पाठवता लेखकाकडे परत धाडावी. आणि प्रकाशकांनी, मग ते कितीही मोठे असोत, मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकात छापावं.