दुचाकीचा ब्रेक, एबीएस आणि आपण

(रस्ता सुरक्षा कार्यक्रमात अस्थिव्यंगोपचार विभागातर्फे दिलेले व्याख्यान)



अस्थिव्यंगोपचार विभागाने ब्रेकविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आम्ही जी हाडे जोडतो, त्यांतील अनेकांचे भवितव्य ब्रेक दाबण्याच्या एका क्षणात ठरलेले असते. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होती.

'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील,' हा उपदेश आपल्याकडे घरोघरी केला जातो. तो सद्हेतूने केलेला असला, तरी अर्धसत्य आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो. पुढचे चाक रस्त्याला घट्ट धरते आणि मागचे हलके होते. म्हणून थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागल्यास ती साधारण २० मीटरांत थांबते. केवळ मागच्या ब्रेकवर सुमारे दुप्पट अंतर लागते.

मात्र घाबरून ब्रेक एकदम आवळला की चाक जाम होते. पुढचे चाक फिरायचे थांबले की तोलही जातो आणि दिशाही. नेमके हेच एबीएस टाळते. चाकाच्या गतीवर लक्ष ठेवून, ते जाम होऊ लागताच ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर कमी करते व पुन्हा वाढवते; हे एका सेकंदात अनेकदा घडते. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले.

यंत्र आले, तरी हाताची सवय जुनीच राहिली. एका तरुण रुग्णाने आम्हांला सांगितले की, ऐन वेळी ब्रेकचा लीव्हर बोटांखाली थरथरू लागला. काहीतरी मोडले असे वाटून त्याने तो सोडून दिला. वस्तुतः ती थरथर म्हणजे एबीएस काम करत असल्याची खूण होती. यंत्रणा शाबूत होती. मोडले ते त्याच्या मांडीचे हाड.

म्हणून आमची विनंती अशी की, मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, हेल्मेट घालून, कमी वेगापासून सुरुवात करून दोन्ही ब्रेक पूर्ण दाबण्याचा सराव करावा. लीव्हर थरथरला तरी गाडी थांबेपर्यंत सोडू नये. चावी फिरवताच लागणारा एबीएसचा दिवा गाडी चालू लागल्यावर विझतो की नाही, हे पाहावे. टायर गुळगुळीत होऊ देऊ नयेत आणि ब्रेक ऑइल वेळेवर बदलून घ्यावे.

एबीएसच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. सुट्या खडीवर किंवा वाळूवर गाडी थांबायला अधिक अंतर लागते. वळणावर गाडी कललेली असताना साधे एबीएस घसरण्यापासून पुरते वाचवू शकत नाही. अनेक गाड्यांत ते केवळ पुढच्या चाकाला असते. तेथे मागचे चाक अजूनही जाम होऊ शकते. पुढच्या वाहनापासून राखलेल्या अंतराला तर कोणतेच यंत्र पर्याय नाही.

आपल्या उदार साहाय्यामुळे आमचे शस्त्रक्रियागृह रात्रंदिवस सज्ज असते, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि, तेथे येण्याची वेळ आपल्यापैकी कोणावरही न यावी, हीच आमची मनःपूर्वक इच्छा आहे.