शेतातील सुवर्णनाणे आणि त्याचे मोल



जुन्या नाण्याचे खरे मोल सराफाच्या काट्यावर ठरत नाही. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात हेमिऑक येथील शेतात सप्टेंबर २०२१ मध्ये एका हौशी शोधकास धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने चिमुकले सुवर्णनाणे गवसले. त्याने छायाचित्र फेसबुकवर टाकले आणि लंडनच्या स्पिंक लिलावगृहातील तज्ज्ञाने ते ओळखले. तिसऱ्या हेन्री राजाने १२५७ च्या सुमारास पाडलेला तो सोन्याचा पेनी होता. दर्शनी किंमत अवघी २० पेन्स. आतील सोने मात्र त्याहून मोलाचे! साहजिकच बहुतेक नाणी मुशीत गेली; आज जेमतेम आठ ज्ञात आहेत. जानेवारी २०२२ मध्ये ५,४०,००० पौंडांची बोली लागली, शुल्कासह ६,४८,००० पौंड. त्यात जमीनमालकाचाही वाटा होता.

तेथील कायद्यानुसार एकटे नाणे तेव्हा ‘खजिना’ ठरत नव्हते, म्हणून ते विकता आले. आपल्याकडे मात्र १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. आणि सापडलेले नाणे चिंचेने घासू नये. चकाकी येते, किंमत जाते.