आकडा उतरला, पुढे काय?



गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचार संपले, की घरोघरी सुटकेचा निःश्वास टाकला जातो. तो टाकावाच, पण कागदपत्रांची पिशवी मात्र माळ्यावर टाकू नये. आम्ही वैद्य नव्हे. तरी त्या पिशवीतील एका चिठोऱ्यावरील आकड्याविषयी बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण त्यापायी कित्येक घरे विनाकारण हवालदिल होतात, आणि कित्येक तितक्याच विनाकारण निर्धास्त राहतात.

हा आकडा 'एससीसी अँटिजेन' या प्रथिनाचा. १९७७ साली काटो व तोरिगोए या जपानी संशोधकांनी या रोगाच्या अर्बुदातील हे प्रथिन रक्तात मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. रोगाचा जो नेहमीचा प्रकार, चपट्या पेशींचा, त्यात ते प्रामुख्याने वाढते. ग्रंथिपेशींच्या प्रकारात ते बहुधा मुकेच राहते. उपचारापूर्वी आकडा फार चढलेला असेल, तर अर्बुद मोठे असल्याचा वा लसिकाग्रंथींत शिरकाव झाल्याचा संशय बळावतो. उपचारांनंतरही तो उतरला नाही, तर रोगाचा अवशेष राहिला असावा. उतरून पुन्हा चढू लागला, तर रोग परतत असावा. शरीरावर काही लक्षण दिसण्याच्या कित्येक महिने आधी अशी वर्दी मिळाल्याची उदाहरणे आहेत.

'असावा' असेच आम्ही म्हणतो. वर्दी म्हणजे निकाल नव्हे! सोरायसिससारखा त्वचारोग किंवा मूत्रपिंडाचा विकार यांनीही आकडा फुगतो. उलट, ज्यांचा तो प्रारंभापासूनच चढलेला नव्हता, त्यांनी पुढे त्याच्या साधारणपणावर विसंबू नये. शेजारणीच्या आकड्याशी तुलना तर सर्वथा व्यर्थ. उपचारापूर्वीचा स्वतःचा आकडा हाताशी हवा, आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेचा.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रोग बराच पसरलेल्या, तिसऱ्या-ब अवस्थेतील ८५० स्त्रिया होत्या. किरणांच्या जोडीला सिस्प्लॅटिन मिळालेल्यांतही पाच वर्षांनी रोगमुक्त जिवंत राहण्याचे प्रमाण शेकडा ५२ च्या आसपासच भरले. परतलेला रोग ओटीपोटाच्या मध्यभागापुरताच असेल, तर निवडक स्त्रियांना मोठ्या शस्त्रक्रियेने अद्यापि वाचविता येते. विलंब झाला, की ती वाट बुजते. रोग परततो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्या काळात ठरल्या तारखेला प्रत्यक्ष तपासणी चुकवू नये. गावातच रक्त देऊन अहवाल मुलाच्या हाती धाडणे ही तपासणी नव्हे. आणि मधल्या काळात रक्तस्राव, एका पायाची सूज वा कंबरेत सतत कळ जाणवली, तर आकडा कितीही खाली असो, तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पिशवी बरोबर न्यावी.