आरामाची गाडी, पण आराम कोणाचा? घणसोली गावात लक्झरी सेडानचं एक वर्ष

आजचा भाग गाडीवर आहे, पण हा रिव्ह्यू नाही. शून्य ते शंभर किती सेकंदांत, डिकीत किती बॅगा बसतात, सनरूफ कसा उघडतो, हे तुम्हाला यूट्यूबवर दहा ठिकाणी मिळेल. माझा प्रश्न साधा आहे. लक्झरी सेडान रोजच्या रस्त्यावर, घरातल्या रोजच्या माणसांसाठी खरंच आरामाची असते का? आणि तो आराम मोजायचा कसा?

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सॉफ्टवेअर इंजिनीयर, ऑफिस ऐरोलीला, घर घणसोली गावात. गावात म्हणजे गावठाणातच, सेक्टरमध्ये नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. आमच्या घरी गेलं वर्षभर एक लांब व्हीलबेसची जर्मन सेडान आहे. सेकंड हँड, डिझेल, ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण नाव घेतलं की सगळी चर्चा लोगोवर जाते आणि मुद्दा बाजूला राहतो.

गावात मोठी गाडी दिसली की बाहेरचा माणूस लगेच म्हणतो, साडेबारा टक्क्यांचा पैसा. आमची गाडी त्यातली नाही. बाबांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत ३० वर्षं ड्रायव्हर म्हणून नोकरी केली. साहेब बदलत गेले, गाड्या बदलत गेल्या, बाबांची सीट तीच राहिली, पुढची उजवी. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी ही गाडी घेतली. मित्र म्हणाले, अरे उंच एसयूव्ही घे, लग्नाला-हळदीला शोभते. बाबा म्हणाले, "साहेबांची गाडी म्हणजे सेडान." विषय संपला.

आता इन्शुरन्स रिन्यू करायची वेळ आली आणि घरात प्रश्न उभा राहिला, गाडी ठेवायची की विकायची? आईचं मत विकायची. बाबा गप्प. आणि आजीच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं याच वर्षी झाली, आठवड्यातून दोनदा तिला वाशीला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. त्यामुळे "गाडी आरामाची आहे का" हा आमच्या घरात गप्पांचा विषय नव्हता, उत्तर काढायलाच हवं होतं. मी इंजिनीयर असल्यामुळे काम माझ्याकडे आलं.

पहिली गोष्ट, ही गाडी मुळात कोणासाठी बनते ते बघू. मर्सिडीज-बेंझने २०१७ मध्ये ई-क्लासचं लांब व्हीलबेसचं मॉडेल भारतात आणलं. ते पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात जुळवलं जातं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, साध्या ई-क्लासपेक्षा १४० मिलिमीटरने जास्त, एकूण ३,०७९ मिलिमीटर. पुढे बीएमडब्ल्यूनेही २०२१ मध्ये ३ सीरीजची लांब आवृत्ती आणली, ११० मिलिमीटर वाढवलेली. ही वाढलेली सगळी जागा जाते कुठे? मागच्या सीटवरच्या माणसाच्या पायांसमोर. कारण आपल्याकडे एवढी महाग गाडी घेणारा माणूस मागे बसतो आणि गाडी दुसरा कोणीतरी चालवतो, असा कंपन्यांचा हिशोब आहे. हिशोब बरोबरच आहे, गाड्या खपतात. पण आमच्या घरी मालक आणि ड्रायव्हर एकच माणूस आहे. म्हणजे आम्ही ज्या सीटचे पैसे भरले ती सीट रिकामीच फिरत होती.

दुसरी गोष्ट, गल्ली. १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित करायचं ठरलं. शेतं गेली, मिठागरं गेली, गावठाणं तेवढी राहिली. घरातली माणसं वाढली, जागा तेवढीच, मग घरं वर गेली आणि गल्ल्या होत्या तशाच राहिल्या. सेक्टरचे रस्ते मोटारीसाठी आखलेले आहेत, आमची आळी माणसांसाठी आणि फार तर बैलगाडीसाठी. मी टेप घेऊन मोजलं. आमच्या आळीत सगळ्यात अरुंद जागी भिंत ते भिंत २.४ मीटर. गाडी आरसे उघडे धरून २ मीटरच्या वर. सरळ असती तर गेली असती, पण पुढे काटकोनात वळण आहे आणि गाडीची लांबी ५ मीटर. गणित तिथेच संपतं. त्यामुळे गाडी घरापासून ४०० मीटरवर भाड्याच्या जागेत उभी असते. रिक्षाची रुंदी जेमतेम १.३ मीटर, ती थेट दारात येते.

म्हणून आजीचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "मना रिक्षाच बरी." आणि खरं सांगायचं तर तिच्या बाजूने विचार केला की तिचं बरोबर वाटतं. आरामाच्या गाडीपर्यंत पोचायला जर ४०० मीटर पावसात, चिखलात, वॉकर घेऊन जावं लागत असेल, तर आराम सुरू होण्याआधीच तिची दमछाक होते. कुठल्याही ब्रोशरमध्ये हे अंतर लिहिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट, दार. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी गाडीतला सगळ्यात अवघड क्षण प्रवासाचा नसतो, बसण्याचा आणि उठण्याचा असतो. सीट गुडघ्यापेक्षा थोडी वर आणि कंबरेच्या थोडी खाली असेल तर माणूस नुसता टेकतो आणि आत वळतो. एसयूव्ही फार उंच असेल तर चढावं लागतं, सेडानमध्ये खाली उतरावं लागतं. आमच्या गाडीची मागची सीट बसल्यावर स्वर्ग आहे, पाठ मागे रेलते, पाय लांब करता येतात. आजी एकदा बसली आणि म्हणाली, "ही गारी हाय का पलंग?" पण त्या पलंगातून उठवायला मी आणि बाबा दोघं लागलो.

इथे एक शोध लागला आणि तो फुकटचा आहे, म्हणून नीट ऐका. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत पुढची डावी सीट बटणाने वर-खाली होते, मागची होत नाही. पुढची सीट पूर्ण वर घेतली, मागे सरकवली, दार पूर्ण उघडलं, की आजी आधी बसते, मग दोन्ही पाय एकत्र आत घेते. उठताना मला फक्त हात द्यावा लागतो. म्हणजे कंपनीने ज्या मागच्या सीटवर सगळं कौशल्य ओतलं, ती आमच्या घरातल्या सगळ्यात गरजू माणसाच्या कामाची नव्हती. कामाची होती ती ड्रायव्हरच्या शेजारची. आता रिक्षा आजीला घरापासून गाडीपर्यंत आणते, तिथून पुढे गाडी. रिक्षावाला काका रोजचेच झालेत.

चौथी गोष्ट, स्पीडब्रेकर. यात थोडं गणित आहे, पण सोपं आहे. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था रस्त्यांचे निकष ठरवते. तिच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येतो. असा स्पीडब्रेकर गाडीच्या व्हीलबेसपेक्षाही रुंद असतो, त्यामुळे चाकंही त्याच्यासोबत वर चढतात. मी हिशोब केला, साधारण ३.१ मीटर व्हीलबेसच्या गाडीला असा स्पीडब्रेकर पार करायला पोटाखाली फक्त ७ सेंटीमीटर जागा पुरते. आता गल्लीच्या तोंडावरचा आपला घरगुती स्पीडब्रेकर घ्या. उरलेलं काँक्रीट ओतलेलं, दीड फूट रुंद, १५ सेंटीमीटर उंच. दोन्ही चाकं खाली आणि मधे हा उंचवटा, म्हणजे पूर्ण १५ सेंटीमीटर जागा हवी. पाच माणसं बसलेली असतील तर तेवढी उरत नाही. उपाय एकच, तिरकं जायचं, एकेक चाक चढवायचं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो, वाजवू द्यायचा.

याच मुद्द्यात टायर येतात. २४५/४५ आर १८ असं टायरवर लिहिलेलं असेल तर टायरच्या भिंतीची उंची २४५ च्या ४५ टक्के, म्हणजे ११० मिलिमीटर. साध्या गाडीच्या २०५/६५ आर १५ टायरची भिंत १३३ मिलिमीटर. म्हणजे महाग गाडीत रिम मोठी दिसते, पण खड्ड्याचा पहिला दणका झेलणारं रबर कमी असतं. सेकंड हँड घेताना शोरूमच्या लाइटमध्ये चमकणाऱ्या मोठ्या रिमवर भाळू नका. त्याच गाडीला कंपनीने मंजूर केलेली लहान रिम बसत असेल तर ती रोजच्या रस्त्याला चांगली.

पाचवी गोष्ट, फोनने मोजणं. फायफॉक्स नावाचं एक फुकट अॅप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं. फोनमधला अॅक्सेलेरोमीटर वापरून ते कंपनांचा आलेख काढतं. फोन सीटच्या तळाला घट्ट बसवायचा, खिशात ठेवायचा नाही. आपल्या शरीराला वर-खाली होणारी ४ ते ८ हर्ट्झची कंपनं सगळ्यात जास्त त्रास देतात, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हिसके. चांगल्या सस्पेन्शनवर गाडी साधारण सेकंदाला एकदा-दीडदा डुलते, आणि तो त्रासदायक पट्टा बऱ्यापैकी गाळला जातो. मी घणसोली ते वाशी तोच रस्ता रिक्षाने आणि गाडीने मोजला. ठाणे-बेलापूर रोडवर, ताशी ५०-६० च्या वेगाला गाडीचा आलेख रिक्षाच्या मानाने जवळजवळ सपाट. त्या वेगाला आणि त्या शांततेत आजी बोलता बोलता झोपते. पण गावातून बाहेर पडेपर्यंतच्या पहिल्या टप्प्यात, ताशी १० च्या वेगाला, तुटलेल्या कडांवर, गाडीचे टोकदार हिसके रिक्षाच्या हिशकांच्या बरेच जवळ जातात.

म्हणजे निकाल असा. गावाबाहेर १० पैकी ९, गावात १० पैकी ४. मी ऑफिसला अजूनही लोकलनेच जातो. घणसोली, रबाळे, ऐरोली, दोन स्टेशनं. तिथे या गाडीची स्पर्धाच होऊ शकत नाही.

हे सगळं मी एक्सेल शीटमध्ये टाकून घरी दाखवलं. आई म्हणाली, बघ, मी सांगत होते. आकड्यांवर गाडी विकायचीच ठरत होती. मग एक वेगळीच गोष्ट झाली. आजी आता पुढे बसते आणि त्या दिवशी बाबांचा चष्मा दुरुस्तीला दिलेला होता, म्हणून गाडी मी चालवली. बाबांना बसायला जागा उरली ती मागची. ३० वर्षं असल्या गाड्या चालवलेला माणूस पहिल्यांदा मागे बसला. सुरुवातीला मला सूचना, इंडिकेटर दे, अंतर ठेव. कोपरखैरणे गेल्यावर आवाज बंद. आरशात बघितलं तर मान मागे, डोळे मिटलेले. वाशीला उतरताना म्हणाले, "साहेब गाडीत बसल्या बसल्या झोपायचे, मला वाटायचं माज आहे. आता कळलं."

मी काही बोललो नाही. घरी आल्यावर आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनेच अट घातली. गाडी अजून एक वर्ष ठेवायची, पार्किंगचं भाडं आणि सर्व्हिस मी आणि बाबांनी मिळून भरायची, आणि मोठी दुरुस्ती निघाली तर कर्ज काढायचं नाही, त्या दिवशी विकायची. बाबांनी मान्य केलं. इन्शुरन्स भरला. दर रविवारी आता मी चालवतो.

तुम्ही माझ्या वयाचे असाल आणि पहिल्या पगारवाढीत जुन्या लक्झरी सेडानची जाहिरात बघत असाल, तर माझं सांगणं एवढंच. टेस्ट ड्राइव्हला मित्रांना नेऊ नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला न्या आणि तिला तीनदा बसवून उठवा. गल्लीची रुंदी टेपने मोजा, वळणासकट. घरापासून पार्किंगपर्यंत पावसात चालून बघा. शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, तुमच्या घराजवळच्या सगळ्यात वाईट स्पीडब्रेकरवरून ती गाडी न्या. टायरवरचा आकडा वाचा. आणि एकदा तरी मागच्या सीटवर, जो माणूस कधीच मागे बसलेला नाही, त्याला बसवा.

आज इथेच थांबतो. तुमच्या घरी गाडीतली सगळ्यात चांगली सीट कोणाला मिळते, ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा.